न्हाणीघराच्या भिंतीला काय लावावं: खारं पाणी, काळी माती आणि खानदेशचं ऊन लक्षात घेऊन

टाइल बसवली की पाणी अडलं, असं समजून काम उरकलं जातं आणि वर्षा-दोन वर्षांत पलीकडच्या खोलीचा रंग फुगायला लागतो. टाइलच्या अंगातून पाणी फारसं जात नाही, पण सांध्यांतून आणि नळाच्या भोकांतून जातं. त्याला खरं रोखतो तो मागचा वॉटरप्रूफिंगचा थर. म्हणून पैसे वाचवायचेच असतील तर टाइलच्या डिझाइनमध्ये वाचवा, त्या थरात नको.

आधी वरचं काय घ्यायचं ते बघू. आपल्याकडे बोअरचं पाणी बऱ्याच घरांत जड असतं. भिंतीवर पांढरा थर बसतो, तो काढायला घरोघरी ॲसिड वापरतात. कोटा आणि शहाबादी हे दोन्ही चुनखडीचे दगड, संगमरवरही त्याच जातीचा. ॲसिड पडलं की फेस येतो, पॉलिश जाते आणि दगड खडबडीत होतो. जमिनीला कोटा चालेल, पण ॲसिड टाळायची तयारी असेल तरच. शॉवरच्या भिंतीला तो नकोच.

आमच्या मते बहुतेक घरांना साधी चकचकीत सिरॅमिक वॉल टाइल, 12×18 इंची, फिक्या रंगाची, सगळ्यात बरी. काळ्या-गडद टाइलवर क्षाराचा प्रत्येक ओघळ दिसतो, आणि खरखरीत मॅटमध्ये तो अडकून बसतो. सिरॅमिक टाइलची पाठ पाणी शोषते (वजनाच्या 10 टक्क्यांहून जास्त), म्हणून सिमेंट तिला चांगलं धरतं. व्हिट्रिफाइड टाइल जेमतेम अर्धा टक्का शोषते. तिला नुसत्या सिमेंटवर लावलं तर पकड बसत नाही, आणि ती काही वर्षांनी अख्खी सुटून पडते. व्हिट्रिफाइड घ्यायची तर पॉलिमरवालं टाइल ॲडहेसिव्ह (टाइल चिकटवायचा तयार मसाला) हवंच.

पीव्हीसी शीट भाड्याच्या घरात तात्पुरती ठीक आहे. मागे ओल साठली तर कळत नाही. पुट्टी आणि ऑइलपेंट शॉवरखाली टिकत नाहीत. पीओपी तर न्हाणीत आणूच नका, ते पाण्याने मऊ पडतं.

आता भिंत. जुन्या घरात मातीच्या गाऱ्यातली वीट असेल तर सांधे अर्धा इंच खरवडा, चिकन मेश (बारीक तारेची जाळी) ठोका आणि 1:4 सिमेंट-वाळूचा 12 ते 15 मिलिमीटर गिलावा करा. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 अंशांवर जातो. तेव्हा गिलाव्याला दिवसातून तीन-चार वेळा पाणी मारून किमान सात दिवस ओला ठेवा. नाहीतर तो भुसभुशीत होतो, आणि त्याच्याबरोबर टाइलही सुटते.

पाइप भिंतीत खोदलेल्या झिरीत असतील तर गिलाव्याआधी दाब देऊन 24 तास तपासा. काळ्या मातीवरची घरं उन्हाळ्यात-पावसाळ्यात थोडी हलतात. म्हणून कडक सिमेंटी लेपापेक्षा दोन घटकांचा लवचिक ॲक्रिलिक-सिमेंट लेप घ्या. भिंत दमट करा, पण पाणी निथळू द्या. पहिला हात आडवा, तो वाळला की दुसरा उभा. कोपऱ्यात आणि भिंत-जमिनीच्या सांध्यात पहिला हात ओला असतानाच फायबर जाळीची पट्टी दाबून बसवा, कारण गळती बहुतेक तिथूनच सुरू होते. शॉवरच्या बाजूला लेप सात फुटांपर्यंत, बाकी भिंतींना निदान एक फूट. दोन्ही हात वाळले की जमिनीवर 48 तास पाणी कोंडून खालची आणि बाजूची खोली बघा. ओल दिसली तर आत्ताच दुरुस्ती सोपी आहे.

हिशेब असा. 5×4 फुटांची न्हाणी, सात फुटांपर्यंत टाइल: परिघ 18 गुणिले 7, म्हणजे 126 चौरस फूट. अडीच फुटी दार वजा केलं की साधारण 109, आणि 10 टक्के फुटतूट धरून 120. म्हणजे 12×18 च्या 80 टाइल. सहाची पेटी असेल तर 14 पेट्या. ॲडहेसिव्हची 20 किलोची पिशवी 3 मिलिमीटर थराला साधारण 40 ते 50 चौरस फूट पुरते.

टाइल दुसऱ्या रांगेपासून सुरू करा, आधाराला लाकडी पट्टी लावा. तळाची रांग जमिनीची फरशी झाल्यावर बसवा, म्हणजे पाणी फरशीवर उतरतं, मागे जात नाही. ॲडहेसिव्ह दातेरी थापीने पूर्ण पसरा. चार कोपऱ्यांत आणि मध्ये गोळे ठेवून टाइल दाबायची सवय अनेक मिस्त्रींना असते. त्याने मागे पोकळी राहते आणि तिथे पाणी साचतं. पसरलेला थर साधारण वीस मिनिटांत साय धरतो, उन्हाळ्यात त्याआधीच. एका वेळी दोन-तीन टाइलपुरताच पसरा. दुसऱ्या दिवशी लाकडी दांड्याने हलकं ठोकून बघा. पोकळ आवाज येईल ती टाइल काढून परत बसवा.

सांध्यात 2 मिलिमीटरचे स्पेसर आणि एपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा मसाला). सिमेंटी ग्राउट ॲसिडने झिजतो. एपॉक्सी महाग, पण शॉवरच्या भिंतींना तोच घ्या. थोडाथोडा कालवा, आणि टाइलवर सांडलेला लगेच ओल्या स्पंजने पुसा. वाळला की निघत नाही. आतल्या कोपऱ्यांत मात्र ग्राउट भरू नका, तो तडकतो. तिथे बुरशीरोधक सिलिकॉन भरा. नळाची भोकं होल सॉने गोल काढा, आणि नळामागच्या चकतीआड सिलिकॉन भरूनच ती बसवा.

उरलेल्या चार-पाच टाइल पेटीसकट जपून ठेवा. त्याच बॅचचा रंग नंतर मिळत नाही.