जुनी प्रेशर वॉशर घेताय? आधी पाण्याचा कॅन सोबत न्या

मागच्या वर्षी सोयाबीन निघाल्यावर ट्रॅक्टर धुवायला दरवेळी तालुक्याला न्यायचा कंटाळा आला, पैसे जातात ते जातात वर अर्धा दिवस नंबर लावून बसायचं, म्हणून लातुरात जुनी प्रेशर वॉशर, म्हणजे जोरात पाण्याची धार मारायची मशीन, शोधली. २२०० ला मिळाली आणि दुरुस्तीला अजून ४०० च्या आसपास लागले.

आधी मोटर कोणती ते बघा. हलकी, उचलायला सोपी आणि चालू केली की किंचाळते ती कार्बनवाली, ती मोटरसायकल, कारला ठीक आहे पण सलग अर्धा तास चालवली की तापते. जड असते आणि आवाज कमी करते ती इंडक्शनवाली, जुन्यात मिळाली तर हीच घ्या. माझी कार्बनवालीच आहे, बजेटच तेवढं होतं, काय करता.

आता मुद्द्याचं. पाण्यावर चालवून बघितल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. मला एकजण म्हणाला, "सध्या पाणी नाही हो घरी, पण मशीन एक नंबर चालू हाय", आणि कोरडीच घुर्रर करून दाखवायला लागला. कोरडी चालवली की आतले सील, म्हणजे पाणी अडवणारे रबर, घासून जातात, म्हणजे हा माणूस दाखवता दाखवताच मशीन मारत होता. मी २० लिटरचा कॅन गाडीवर घेऊनच फिरलो. आणि पाणी लई लागतं हा पण गैरसमज आहे, छोटी मशीन मिनिटाला साधारण ५ ते ७ लिटर घेते, उघडी नळी सोडली तर त्याहून जास्त वाहून जातं. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येताना बघितलंय आपण, त्यामुळं हा हिशोब आधी केला.

पाणी लावल्यावर गन, म्हणजे धार सोडायचा खटका, दाबा, दोन-तीन मिनिटं चालवा, मग सोडा. सोडल्यावर छोटी मशीन आपोआप बंद पडायला पाहिजे. गन बंद असताना पण दर चार सेकंदाला टुक टुक चालू-बंद होत असेल तर कुठंतरी प्रेशर गळतंय. खाली थेंब थेंब पडत असेल तर सील गेलेत, ते बदलता येतात. पण पंपाच्या बॉडीलाच तडा असेल किंवा मोटरला जळका वास येत असेल तर चहा पिऊन निघून या.

माझ्या मशीनचा प्रॉब्लेम म्हणजे धार धडधड तुटत यायची. आधी वाटलं पंप गेला. पण अशा वेळी पहिले हवा बघायची, टिपाडातून पाणी ओढताना पाइपाच्या क्लॅम्पमधून हवा शिरते, क्लॅम्प आवळा, इनलेटची जाळी धुवा, नोझलमधून बारीक तार फिरवा. निम्म्या मशीन इथंच नीट होतात. माझी नाही झाली. मग प्लग काढला, गन दाबून उरलेलं प्रेशर सोडलं आणि पंप उघडला. आत तीन पिस्टन, प्रत्येकाला दोन असे सहा छोटे व्हॉल्व्ह असतात, बोटाच्या पेराएवढे. पाच व्हॉल्व्ह काडीनं दाबले की टक् करून परत यायले होते, सहावा दाबला तसाच बसून राहिला, त्याच्यावर पांढरा थर, आपल्या चहाच्या पातेल्यात असतो तोच, बोअरच्या पाण्याचा. किराणा दुकानातलं लिंबूसत्व कोमट पाण्यात टाकून व्हॉल्व्ह अर्धा तास भिजवले, जुन्या ब्रशनं घासले, झालं. रात्रभर ठेवू नका, धातू खराब होतो. ओ-रिंग, म्हणजे रबरी गोल कड्या, चपट्या झालेल्या होत्या, जुनी रिंग हातात घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि मापानं नव्या आणल्या, बसवताना थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं. उघडताना प्रत्येक स्टेपचा मोबाइलवर फोटो काढा, नाहीतर शेवटी एक स्प्रिंग उरतेच.

मोटर मधेमधे थांबत असेल आणि आत ठिणग्या दिसत असतील तर कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला घासत करंट देणारे छोटे ठोकळे, बघा, झिजून अगदी छोटे झाले असतील तर जोडी बदला, स्वस्त काम आहे. इंडक्शन मोटर नुसती गुणगुणत असेल आणि फिरत नसेल तर बहुतेक मोटरला सुरुवातीचा झटका देणारा कपॅसिटर गेलाय, पण प्लग काढल्यावर पण त्यात करंट राहतो, ते वाइंडिंगवाल्याकडं द्या. आणि संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं असताना पातळ वायरच्या एक्स्टेन्शनवर लावून मशीनला शिव्या देऊ नका, १४०० वॉटची असली तरी ६ अँपिअर ओढते. १६ चा सॉकेट, जाड वायर, अर्थिंग पक्कं, कारण तुम्ही ओल्यात उभे असता.

आमचे वडील आता म्हशी पण ह्यानंच धुवा म्हणायलेत. ते मात्र नाही, जवळून धार लागली तर कातडी फाटते. माणसाच्या बोटाला लागली आणि वरून नुसतं बारीक भोक दिसलं तरी पाणी आत शिरलेलं असतं, लगेच दवाखाना गाठायचा. म्हशीला आपली साधी नळीच.