रविवारचं लोहारकाम: भट्टी कशी पेटवायची आणि सोबत कोण हवं

लोहारकाम शिकायचंय, कुठनं सुरुवात करू, असं विचारणारे हल्ली बरेच भेटतात आणि त्यातल्या निम्म्यांच्या डोक्यात व्हिडिओ बघून थेट तलवार बसलेली असते. तर आधी तेच निकालात काढू. तलवार, कट्यार, भाला असलं काही करायचं नाही. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम बघितले तर ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचं हत्यार लायसन्सशिवाय बनवता येत नाही, घरकामाच्या आणि शेतीच्या वस्तू मात्र त्यातून वगळल्यात. म्हणजे खुरपं, विळा, सुरी, उलथनं, हुक, कडी, खुंटी एवढं सगळं मोकळं आहे, आयुष्यभर पुरेल.

दुसरी गोष्ट, हा एकट्याचा छंद नाहीच मुळी. कुठल्याही लोहारसाळेत जाऊन बघा, एक जण भात्यावर, लोहाराच्या डाव्या हातात सांडशी आणि उजव्या हातात छोटा हातोडा, समोर घण मारणारा. छोटा हातोडा जिथे टिचकी मारेल तिथेच घण पडायचा, आणि लोहाराने हातोडा ऐरणीवर नुसता टणटण वाजवला की थांबायचं, तोंडाने बोलायची गरजच नाही. घिसाड्यांच्या, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या लोहारांच्या, पालावर तर घण बऱ्याचदा बाईच्याच हातात असतो. त्यामुळे "आधी मी शिकतो, मग मित्रांना बोलावतो" असा प्लॅन करू नका, पहिल्या दिवसापासून अजून दोघं जण धरा.

सामान घ्यायच्या आधी जवळच्या लोहाराकडे चार-दोन वेळा जाऊन बसा. वेळ बघून जा पण. पेरणीच्या तोंडावर फाळ आणि कुळवाच्या फासा शेवटायला, म्हणजे झिजलेली टोकं परत घडवून घ्यायला, रांग लागलेली असते, ऊसतोड सुरू व्हायच्या आधी कोयत्यांची घाई, तेव्हा तुमच्याकडे बघायलासुद्धा त्याला सवड नसते. मधल्या रिकाम्या दिवसांत जा, आणि फुकट शिकायला जाऊ नका. त्याची दिवसाची मजुरी काय ती विचारून तेवढी द्या, कोळशाचे वेगळे. आपला रविवारचा विरंगुळा म्हणजे त्याची रोजीरोटी आहे, त्यामुळे "दादा जरा शिकवा ना" म्हणत अर्धा दिवस खाल्ला की तो दुसऱ्यांदा ओळख देणार नाही, आणि बरोबरच आहे त्याचं.

आता जागा. फ्लॅटची बाल्कनी आणि सोसायटीची गच्ची दोन्ही विसरा. कुणाचं तरी शेत, गावाकडचं अंगण, शेडपुढची मोकळी जागा बघा. वर पत्रा चालेल पण बाजू उघड्या हव्यात, कारण कोळशाचा विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, ना दिसतो ना वास येतो आणि बंद खोलीत जीव घेतो. खाली माती किंवा वाळू असलेली बरी, काँक्रीटवर लालभडक तुकडा पडला आणि आत ओल असली तर टवका उडून अंगावर येतो. ऊनही नको. सावलीतच लोखंडाचा रंग नीट कळतो, उन्हात पिवळं झालेलं लोखंडसुद्धा लाल वाटतं आणि तुम्ही ते जाळून बसता.

भट्टीला फार खर्च नाही. ट्रकचा जुना ब्रेक ड्रम, त्याच्या बुडाला दीड-दोन इंची साधा काळा पाइप, तोंडावर भोकं पाडलेली जाड पट्टी, आणि हवा द्यायला हाताने फिरवायचा ब्लोअर. इलेक्ट्रिक ब्लोअर लावलात तर मध्ये व्हॉल्व हवाच, नाहीतर हवा कमी करता येत नाही आणि कोळसा नुसता उडतो. सुरुवातीला लाकडी कोळसा घ्या, तंदूरवाल्यांकडे असतो तो. ठिणग्या जास्त उडतात आणि संपतोही भराभर, पण पेटायला सोपा आणि धूर कमी. दगडी कोळसा नंतर. पाइप गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, अजिबात नको, आणि भंगारातलं जस्ताचं किंवा क्रोमचं पाणी दिलेलं काहीही भट्टीत घालू नका. जस्त ९०७ डिग्रीला उकळतं, भट्टी त्याच्या खूप वर जाते, आणि तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

ऐरण नवी घेऊ नका, महाग पडते. रेल्वेच्या रुळाचा तुकडा झकास काम करतो. ५२ किलोचा रूळ म्हणतात तो मीटरला ५२ किलो भरतो, म्हणजे फुटाचा तुकडा साधारण १६ किलोचा. आडवा ठेवण्यापेक्षा उभा करून बाभळीच्या ओंडक्यात रोवला तर घावाखाली सगळं वजन येतं. फक्त भंगारवाल्याकडून घेताना पावती घ्याच. रेल्वेचा चोरीचा माल बाळगण्यावर १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे, कुणी विचारलं तर "जुन्या बाजारातनं आणला" हे उत्तर पुरत नाही. उंची अशी ठेवा की सरळ उभं राहून हात खाली सोडला की मुठीची हाडं ऐरणीला टेकतील. शेजारी आवाजाने वैतागत असतील तर ऐरणीला जाड साखळी गुंडाळा, तो कानात घुसणारा टणत्कार बराच मरतो.

हातोडा साधारण एक किलोचा, जास्त नको, खांदा जातो. सांडशी लोहाराकडूनच बनवून घ्या, तुमच्या सळईच्या मापाची. कपडे सुती, बूट चामड्याचे, पँट बुटाच्या वरून सोडलेली, डोळ्याला सेफ्टी गॉगल. नायलॉनचा टीशर्ट घालून कुणी आलं तर परत पाठवा, ठिणगीने तो वितळून कातडीला चिकटतो. पाण्याची बादली आणि वाळूची पाटी हाताशी.

पहिली वस्तू एस हुक. १० एमएमचा चौरस एमएस (माइल्ड स्टील, साधं मऊ लोखंड) बार घ्या, नवा, भंगारातला नको. टोकाकडचा तीन-चार इंचाचा भाग निखाऱ्यात आडवा खुपसा, वर कोळसा ओढा आणि हवा हळू द्या. आधी मंद लाल, मग लाल, मग नारिंगी, आणि नारिंगीतून पिवळा होऊ लागला की बाहेर. पांढरा होऊन फुलबाजीसारख्या ठिणग्या सुटल्या तर ते टोक जळालं, कापून टाका. आता टोक ऐरणीच्या पलीकडच्या कडेवर ठेवा, सळईची मागची बाजू जराशी उचला आणि हातोडाही तेवढाच तिरका. दोन घाव, पाव फेरा, दोन घाव, पाव फेरा. इथे सगळे नवे लोक एकच गडबड करतात, सुरुवातीपासूनच टोक गोल करायला जातात. मग आतला गाभा फाटतो आणि टोकाला माशाच्या तोंडासारखी चीर पडते. आधी चौकोनच निमुळता न्यायचा, मग चार कोपरे मारून अष्टकोन, आणि शेवटी हलक्या हाताने गोल. रंग मंद लालवर आला की मारणं बंद, परत भट्टीत. गार लोखंडावर ताकद काढून फक्त मनगट दुखतं आणि तडे जातात. दोन्ही टोकं निमुळती झाली की ऐरणीच्या कडेवर वाकवून घ्या, मध्ये पीळ हवा असेल तर तेवढाच भाग लाल करून एक टोक व्हाइसमध्ये आणि दुसरं पान्याने फिरवायचं. लोखंड काळं पडलं पण अजून चांगलं गरम आहे अशा वेळी तारेच्या ब्रशने घासून जवसाचं तेल फिरवा, छान काळा रंग धरतो.

धारेच्या वस्तूला पाणी द्यायला, म्हणजे तापवून एकदम गार करून कडक करायला, एमएस चालत नाही, त्यात कार्बनच नसतो तेवढा. त्यासाठी जीपचा किंवा ट्रकचा जुना पाटा, म्हणजे स्प्रिंगची पट्टी. खुरपं घडवून झालं की सारखं तापवत चुंबक लावून बघा. साधारण ७७० डिग्रीला चुंबक धरणं सोडतो, त्याहून किंचित वर नेऊन कोमट गोडेतेलात सरळ बुडवा. तेल पत्र्याच्या खोल डब्यात, झाकण शेजारी, कारण वर भडका येतोच. पाट्याला पाण्यात बुडवलं की तो बऱ्याचदा तडकतो, लोहार पाण्यात देतो ते त्याच्या हाताच्या अंदाजावर. आता ते काचेसारखं ठिसूळ झालंय. कानशीने घासून चकचकीत करा आणि मागच्या बाजूने हळूहळू शेकवा, पृष्ठभागावर रंग धावत येतील, आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. सुरीला पिवळ्या-तपकिरीवर थांबायचं, खुरप्याला दगड लागतात म्हणून जांभळ्या-निळ्यापर्यंत जाऊ द्या. लगेच पाण्यात.

आता मंडळी. एका भट्टीवर तिघं, फार तर चौघं, बाकीच्यांनी दोरीच्या पलीकडे बसून चहा प्यायचा. नव्या माणसाला आधी ब्लोअर द्या, दोन-तीन तापण्या फिरवला की रंग ओळखता यायला लागतात, मग हातोडा. घण सगळ्यात शेवटी, तोही आधी थंड सळईवर हळू मारून. लाल लोखंड घेऊन निघणाऱ्याने "गरम!" असं ओरडायचं आणि बाकीच्यांनी जागेवर थांबायचं, बाजूला उडी मारायची नाही. भाजण्याचे बहुतेक प्रकार लाल लोखंडाने होतच नाहीत, काळ्या पडलेल्याने होतात, कारण ४०० डिग्रीचं लोखंड दिसायला थंडच दिसतं. म्हणून खाली ठेवलेल्या प्रत्येक गरम तुकड्यावर खडूची रेघ, रेघ दिसली की हात लावायचा नाही. लहान मुलं आली तर ब्लोअर फिरवू दे, गॉगल घालून आणि शेजारी मोठं माणूस उभं करून.

पहिल्यांदा आलेल्या माणसाने रिकाम्या हाताने घरी जायचं नाही, एवढं बघा. एस हुक तासाभरात होतो, वाकडा असला तरी किचनमध्ये लटकतो, आणि पुढच्या रविवारी तोच माणूस अजून एकाला घेऊन येतो. कोळशाचे पैसे त्याच दिवशी वाटून घ्या, नंतर कुणी देत नाही. आणि निघायच्या आधी भट्टी उपसून निखारे पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवा. हवा कोंडली की ते विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो.