नाव झाकलं, तरी रिपोर्ट कुणाचा ते कळत होतं

एका लहान विमान कंपनीच्या सेफ्टी रिपोर्टिंगमध्ये (कर्मचारी चुका आणि धोके कळवतात ती व्यवस्था) नावाचा रकाना लपवलेला होता. तरी रिपोर्ट कुणी दिला हे ऑपरेशन्समध्ये लगेच कळायचं, कारण तारीख, सेक्टर (कुठून कुठे उड्डाण) आणि विमानाचा नोंदणी क्रमांक उघडेच होते. रोस्टरशी, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकाशी, जुळवलं की नाव हातात.

दुरुस्ती अशी केली. नाव वेगळ्या टेबलात हलवलं आणि दुवा म्हणून फक्त क्रमांक ठेवला. ते टेबल सेफ्टी मॅनेजर आणि एक बदली व्यक्ती, एवढेच उघडू शकतात. विभागप्रमुखांच्या प्रतीत तारखेऐवजी महिना, नोंदणी क्रमांकाऐवजी विमानाचा प्रकार. ताफ्यात त्या प्रकारचं एकच विमान असेल तर तोही काढायचा.

खरी गळती मात्र जोडलेल्या फोटोंतून होत होती. मोबाइलच्या फोटोत वेळ आणि अनेकदा ठिकाणही दडलेलं असतं, फाइलच्या नावात कधी माणसाचंही नाव. अपलोड होतानाच दोन्ही पुसा. आणखी एक गोची: लपवलेला रकाना सर्च इंडेक्समध्ये (शोधासाठी बनवलेल्या शब्दसूचीत) राहू शकतो. विभागप्रमुखाच्या हक्कांचं चाचणी खातं काढून आडनाव शोधून पाहा. रिपोर्ट सापडला तर इंडेक्स पुन्हा बांधा.

डेटाबेस सांभाळणाऱ्याला सगळं दिसतं, म्हणून नावाचा रकाना एन्क्रिप्ट हवा आणि किल्ली त्याच्याकडे नको. बॅकअपलाही तेच लागू. एक्सेल एक्सपोर्ट बंदच ठेवा.

‘नाव कधीच उघड होणार नाही’ असं मात्र फॉर्मवर छापू नका. आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या सुरक्षा व्यवस्थापनावरच्या परिशिष्ट 19 मध्ये अशा माहितीच्या संरक्षणाला अपवादही आहेत.