कोर्सची फी भरण्याआधी एफ १२ दाबा

मे-जूनमध्ये निकाल लागले की नाशिकच्या कॉलेज रोड, कॅनडा कॉर्नर भागात 'सहा महिन्यांत फुल स्टॅक डेव्हलपर'चे फलक चढतात आणि ओळखीतल्या कोणाची तरी मुलगी नाहीतर भाचा माझ्याकडे येऊन विचारतो, "ताई, रिॲक्टचा क्लास लावू की पायथनचा?" मी इंदिरानगरला घरूनच वेबसाइटची कामं करते. गिऱ्हाइकं सगळी आसपासची: अंबड-सातपूरचे छोटे कारखानदार, दिंडोरी-निफाडकडचे द्राक्षवाले, शाळा, दवाखाने. या कामात रोज जे लागतं ते जवळपास सगळं फुकट मिळतं. क्लास लावायला माझा विरोध नाही. फक्त पैसे भरण्याआधी महिनाभर पुढच्या गोष्टी स्वतः करून बघा. कोणता क्लास लावायचा, की लावायचाच नाही, हे मग तुमचं तुम्हालाच कळेल.

लॅपटॉपवरून घरात वाद घालू नका. ८ जीबी रॅम आणि एसएसडी (साध्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) असलेला वापरलेला लॅपटॉप सुरुवातीला भरपूर झाला. जुन्या मशीनमध्ये साधी हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवा, फरक लगेच जाणवतो. विंडोज फारच रखडत असेल तर त्याऐवजी लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाका. कोड लिहायचा एडिटर म्हणून व्हीएस कोड घ्या. त्यात कोडची मांडणी नीट करणारं प्रिटियर टाकून 'फॉरमॅट ऑन सेव्ह' चालू करा, जावास्क्रिप्टला (पानाला वागायला शिकवणारी भाषा) लागलात की चुका दाखवणारं ईएसलिंट, आणि तिथे थांबा. थीम आणि एक्स्टेन्शन गोळा करत बसणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत; एडिटर नवरदेवासारखा सजतो आणि कोड होता तिथेच राहतो.

खरं शिकवणारं टूल ब्राउझरच्या पोटातच असतं. क्रोम, एज किंवा फायरफॉक्समध्ये कुठलंही पान उघडा आणि एफ १२ दाबा (काही लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावं लागतं). तुमच्या कॉलेजच्या साइटवरच्या मथळ्यावर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' म्हणा. मजकूर बदला, रंग बदला, मार्जिन शून्य करून बघा. हे सगळं तुमच्याच स्क्रीनपुरतं असतं, रिफ्रेश केलं की पान पूर्ववत. सीएसएसची, म्हणजे पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या भाषेची, भीती इथे जाते.

एफ १२ च्या त्याच खिडकीतल्या कन्सोल टॅबमध्ये लाल ओळ दिसली की नवीन मुलं घाबरून ती खिडकीच बंद करतात. ती ओळ वाचायची असते. तिच्या उजव्या टोकाला फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर असतो, त्यावर क्लिक केलं की चूक जिथे उघडी पडली ती जागा समोर येते. 'अनडिफाइन्ड'ची तक्रार असेल तर साधा अर्थ असा, की तुम्ही ज्याच्याकडून काही मागताय ते अजून तुमच्या हाती आलेलंच नाही. सर्व्हरकडून (साइट जिथे ठेवलेली असते तो संगणक) माहिती यायच्या आधीच ती छापायला गेलात की हमखास हे होतं.

पण माझा सगळ्यात आवडता नेटवर्क टॅब. पान उघडताना ब्राउझरने कुठे काय मागितलं, काय मिळालं, किती वेळ लागला, सगळं तिथे ओळीने दिसतं. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर काही नाही, ४०३ म्हणजे परवानगी नाही, ५०० म्हणजे सर्व्हरच्या बाजूला काहीतरी फाटलंय. एका द्राक्ष निर्यातदाराची तक्रार होती की साइट मोबाइलवर उघडतच नाही; त्याच्या ऑफिसच्या वायफायवर मात्र ती झकास चालायची. नेटवर्क टॅबमधली यादी साइजप्रमाणे लावली तर वरती सगळे मळ्यातले फोटो, फोनमधून निघाले तसेच चढवलेले, एकेक चार-पाच एमबीचा. स्क्वूश नावाचं क्रोमवाल्यांचं मोफत वेब ॲप आहे. त्यात रुंदी कमी करून फोटो वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये काढले, आणि तेच दीड-दोनशे केबीत बसले. बाकी एक ओळही बदलावी लागली नाही.

याच टॅबमध्ये 'नो थ्रॉटलिंग', म्हणजे नेटच्या वेगावर बंधन नाही, असं लिहिलेलं असतं. तिथे ३जी निवडून स्वतःची साइट उघडून बघा. गंगापूर रोडच्या फायबरवर बनवलेलं पान पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत ट्रॅक्टरांच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला कसं दिसेल, त्याचा अंदाज येतो. खऱ्या फोनवर तपासायचं असेल तर अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप करा. डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात यूएसबी डीबगिंग चालू करून फोन केबलने जोडला की फोनवरचं पान लॅपटॉपच्या डेव्हटूल्समध्ये (एफ १२ ने उघडणारी हीच साधनं) तपासता येतं. क्रोममध्ये लाइटहाउसही आहे, ते वेग, सुलभता वगैरेंना १०० पैकी गुण देतं. त्या गुणांच्या मागे फार लागू नका, खाली दिलेल्या सूचना मात्र वाचा.

वाचायचं कुठे? एचटीएमएल (पानाचा सांगाडा), सीएसएस आणि जावास्क्रिप्टसाठी एमडीएन ही साइट. मोझिलाने २००५ मध्ये सुरू केलेला हा संदर्भ आजही मी रोज उघडते. बहुतेक संदर्भ-पानांच्या तळाशी कोणत्या ब्राउझरला ती गोष्ट समजते याचा तक्ता असतो, तो बघायची सवय लावा. डब्ल्यूथ्रीस्कूल्स झटपट उदाहरणांना बरं आहे. नावामुळे वाटतं तसा त्याचा वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेशी संबंध नाही, एवढं लक्षात ठेवा. सरावाला फ्रीकोडकॅम्प आणि ओडिन प्रोजेक्ट, दोन्ही पूर्ण मोफत. त्यातलं एकच धरा आणि तडीस न्या.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी वाचनाचा कंटाळा येतो, हे मला माहीत आहे. त्यांनी आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल बघावं. लिनक्स, पायथन, जावा, पीएचपी यांसारख्या विषयांवरचे छोटे धडे तिथे आहेत आणि त्यातल्या बऱ्याच धड्यांना मराठी आवाजही आहे. धडे ऐकता ऐकता स्वतः टाइप करत जायचं, अशीच त्यांची रचना आहे. तालुक्याच्या गावात वीज आणि रेंज दोन्ही लहरी असतील तर डेव्हडॉक्स ही संदर्भांची साइट ऑफलाइन साठवून ठेवा. नेट गेलं तरी संदर्भ हाताशी राहतो.

गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, पहिल्या आठवड्यापासून वापरा, एकटे काम करत असाल तरी. लिनस टॉर्व्हाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी ते लिहिलं, पण तुमच्या चार फाइलींनाही ते तितकंच उपयोगी आहे. सुरुवातीला ॲड, कमिट, पुश, लॉग आणि डिफ एवढ्या आज्ञा पुरे. कमिटचा, म्हणजे बदल नोंदवतानाचा, संदेश असा लिहा की महिन्याने वाचल्यावर कळेल: 'अपडेट' नको, 'संपर्क फॉर्ममध्ये मोबाइल नंबरची तपासणी' असा. पासवर्ड आणि एपीआयच्या किल्ल्या (दुसऱ्या सेवा वापरायचे गुप्त कोड) वेगळ्या फाइलीत ठेवून ती फाइल गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या यादीत, टाका. सार्वजनिक रेपॉझिटरीत (कोडच्या उघड्या साठ्यात) पडलेल्या किल्ल्या शोधत फिरणारे बॉट असतात, आणि फाइल नंतर पुसली तरी ती इतिहासात राहतेच. अशी किल्ली बाहेर गेली तर ती रद्द करून नवीन काढणं हाच उपाय.

गिटहब पेजेसवर (गिटमधला कोड ऑनलाइन ठेवणाऱ्या गिटहबची सोय) स्वतःची साइट फुकट चढवता येते. पण कोणाचा धंदा तिथून चालवायला त्यांच्या नियमांत मनाई आहे, आणि साइट चढवायच्या व्हर्सेल या सेवेची मोफत योजनाही व्यावसायिक कामासाठी नाही. सरावाची साइट तिथे, गिऱ्हाइकाची दुसरीकडे. हा नियम न वाचता काम घेणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

आता ज्या विषयावर इंग्रजी कोर्स फारसं बोलत नाहीत तो: मराठी मजकूर. नाशिकमध्ये काम करणार असाल तर निम्मी साइट मराठीत असते. एचटीएमएल टॅगवर भाषा 'एमआर' (मराठीचा कोड) लिहा. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी दिलेली आहेत, भाषा सांगितली नाही तर हिंदी वळणाची अक्षरं दिसतात. इंग्रजीसाठी ठरवलेली लाइन-हाइट (ओळीची उंची) देवनागरीला कमी पडते. वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत घुसतात, तेव्हा ती वाढवा. लेटर-स्पेसिंगला (अक्षरांमधल्या अंतराला) हातच लावू नका, शिरोरेषेचे तुकडे पडतात.

जावास्क्रिप्टमध्ये 'नाशिक'ची लांबी ५ येते, डोळ्याला अक्षरं ३ दिसतात, कारण काना आणि वेलांटी वेगळी मोजली जातात. नावाच्या रकान्याला अक्षरांची मर्यादा घालताना हे ध्यानात ठेवा. दिसणारी अक्षरं मोजायला जावास्क्रिप्टमध्येच इंटल सेगमेंटर आहे. मराठीतला, म्हणजे युनिकोडमधला (सगळ्या लिप्यांसाठीची अक्षरपद्धत) एसएमएस १६० ऐवजी ७० अक्षरांचा होतो, तेही गिऱ्हाइकाला आधी सांगा, बिल त्याला येणार आहे. लाखाच्या स्वल्पविरामांसकट देवनागरी आकडे हवे असतील तर ब्राउझरचं नंबरफॉरमॅट 'एमआर-आयएन' दिलं की ते आपोआप करतं.

सगळ्यात चकवणारी गोष्ट शोधाची. 'शेतकऱ्यांसाठी'मधला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर नुक्त्याचं वेगळं ऱ येतं, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. बघणाऱ्याला दोन्ही शब्द सारखेच, पण संगणकाला ते वेगळे. त्यामुळे यादीत डोळ्यांसमोर असलेलं नाव शोधात सापडत नाही. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (सारखी रूपं एक करणारी प्रक्रिया) हे जुळवत नाही. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे एकाच रूपात बदलून घ्यावं लागतं. ॲ चंही तेच. शिवाय जुन्या छापखान्यातून आलेला मजकूर श्रीलिपीसारख्या फॉन्टमधला असेल तर तो युनिकोड नसतोच, पेस्ट केला की कचरा दिसतो. कन्व्हर्टरने बदलून ओळन्‌ओळ वाचून घ्या, आणि त्या वाचनाचे पैसे वेगळे लावा.

अडलात की विचारा, पण रीतीने. व्हॉट्सॲपवर स्क्रीनचा तिरका फोटो आणि खाली 'चालत नाहीये' असं आलं तर मी उत्तर देत नाही. एररचा मजकूर कॉपी करून पाठवा, काय अपेक्षित होतं आणि काय झालं ते लिहा, आणि बाकीचा कोड काढत काढत चूक दाखवणारा लहानात लहान तुकडा उरवा. तो उरवतानाच बऱ्याचदा उत्तर सापडतं. प्रश्नोत्तरांची साइट स्टॅक ओव्हरफ्लो २००८ पासूनची आहे, म्हणून उत्तराची तारीख बघा. जेक्वेरी या जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या काळातला तोडगा आज लागेलच असं नाही. एआय सहायकांना जरूर विचारा, मीही विचारते. फक्त ते नसलेलं फंक्शनही ठामपणे सुचवतात, तेव्हा नाव एमडीएनवर पडताळून घ्या. दिलेल्या कोडची ओळ तुम्हाला समजावून सांगता येत नसेल तर ती गिऱ्हाइकाच्या साइटवर चढवू नका.

पहिलं काम म्हणून मामाच्या दुकानाचं एक पान करा: पत्ता, वेळा, नकाशा, फोन लावायचं बटण. मामाच्याच फोनवर उघडून दाखवा आणि तो कुठे अडखळतो ते गप्प बसून बघा. पुढे डोमेन (साइटचा पत्ता) घ्यायची वेळ आली की ते मामाच्या नावाने, त्याच्याच ईमेलवर घ्या. उद्या तुम्ही नोकरीला हिंजवडीला गेलात तर नूतनीकरणाची सूचना त्याला मिळायला हवी.