तास भरले, पण हात तसेच: नर्सेसनी पुढचं शिक्षण घेताना या चुका टाळा

नर्सिंग कौन्सिलकडच्या नोंदणीच्या रिन्यूअलची तारीख जवळ आली आणि त्यासाठी दाखवायचे शिक्षणाचे तास (क्रेडिट अवर्स) कमी असले, की स्टाफच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो: "क्रेडिट अवर्स देणारा एखादा वेबिनार आहे का? विषय कुठलाही चालेल." मग लिंक येते, नाव नोंदवलं जातं, व्हिडिओ एकीकडे चालू आणि जेवण दुसरीकडे, शेवटी पाच प्रश्नांची चाचणी, सर्टिफिकेट डाउनलोड. तास भरतात. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर मात्र सगळं कालच्यासारखंच चालतं.

यात दोष फक्त नर्सचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. स्टाफ कमी, ड्युटी लांब आणि वरून हिशोब मागितला जातो तो तासांचाच. पण त्याच तासांत हाताला काही लागू शकतं, आणि ते का लागत नाही याची कारणं बरीचशी ठरलेली असतात.

जे येतं तेच पुन्हा शिकणं

ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कमी बोलली जाणारी चूक. आयसीयूतली सिस्टर व्हेंटिलेटरच्या वर्कशॉपला जाते, प्रसूती विभागातली प्रसूतीच्याच. माणूस आपल्या आवडत्या विषयाकडे वळतो, कारण तिथे आपण हुशार दिसतो. ज्या विषयाची आतून धास्ती असते, त्याच्या फॉर्मवर नाव घालायला हात धजावत नाही. औषधांची गणितं हा त्यातला पहिला विषय.

१००० मिली सलाईन ८ तासांत द्यायचं आहे आणि सेट २० थेंबांना १ मिली देणारा आहे, तर मिनिटाला किती थेंब? १००० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे साधारण ४२. वॉर्डात हे आकडे पाठ असतात म्हणून काम चालतं. सेट बदलून ६० थेंबांचा मायक्रोड्रिप हातात आला किंवा ८ तासांचे ६ झाले की पाठांतर दगा देतं. इन्सुलिनचं त्याहून वाईट. जिथे ४० युनिट आणि १०० युनिट प्रति मिली अशा दोन्ही ताकदींच्या बाटल्या वापरात आहेत, तिथे १०० च्या बाटलीतलं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरलं, तर रुग्णाला १० नाही, २५ युनिट जातात. अडीच पट डोस. हे समजावून सांगायला अर्धा तास पुरतो, पण 'इन्सुलिन तर रोजच देतो' म्हणत तो अर्धा तास कोणी काढत नाही.

उपाय सोपा आहे. खिशातल्या डायरीचं एक पान फक्त अडलेल्या गोष्टींसाठी ठेवा. कुठलं औषध देण्याआधी दुसरीला विचारावं लागलं, कुठल्या अलार्मचा अर्थ लागला नाही, कुठल्या नातेवाइकाच्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर दिलं, कुठली चूक होता होता राहिली. दोन महिन्यांनी ते पान वाचलं की पुढचा कोर्स कुठला करायचा हे कोणाला विचारावं लागत नाही. एकच नोंद पुन:पुन्हा दिसली, तर तो विषय तुमचा.

नवं शिकतो, जुनं सोडत नाही

पुढचं शिक्षण म्हणजे आहे त्यात भर, असा एक गोड समज आहे. खरं तर नर्सिंगमध्ये सोडून देण्याची यादी जवळजवळ तितकीच मोठी असते, आणि तिच्यावर वर्कशॉप कोणी घेत नाही. काही नमुने पाहा.

रायल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी) जागेवर आहे का हे बघायला सिरिंजने हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप लावणं. कित्येक जणी हेच शिकून आल्या. पण नळीचं टोक श्वासनलिकेत किंवा अन्ननलिकेत असलं तरी तो आवाज ऐकू येऊ शकतो. म्हणून ही पद्धत भरवशाची मानली जात नाही. नळीतून ओढलेल्या द्रवाचा पीएच ५.५ किंवा त्याखाली आहे का हे पट्टीने पाहायचं, आणि शंका राहिली तर एक्स-रे. आम्लता कमी करणारी औषधं चालू असतील तर पीएच वर जातो, हेही ध्यानात ठेवायचं.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या माकडहाडावर लाली दिसली की तेल किंवा पावडर लावून जोरात चोळणं. रक्तपुरवठा वाढावा हा हेतू चांगला, पण तिथली ऊती आधीच दबलेली असते आणि चोळल्याने आतून आणखी दुखावते. हवेच्या गोल रिंगचंही तसंच: मधला भाग मोकळा राहतो खरा, पण भार कडेवर पडून तिथला रक्तपुरवठा आवळला जातो. कूस बदलणं, भार विभागणारी गादी आणि कोरडी त्वचा, काम यांनी होतं.

सक्शनच्या (श्वासनलिकेतल्या ट्यूबमधून स्राव ओढून काढण्याच्या) आधी दर वेळी ट्यूबमध्ये नॉर्मल सलाईन सोडणं. स्राव पातळ होतो हा समज जुना; नेहमीची पद्धत म्हणून याची शिफारस आता केली जात नाही, आणि ऑक्सिजनची पातळी घसरण्याचा धोका असतो.

लस देताना सुई टोचल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येतंय का ते बघणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लसींच्या बाबतीत हे करू नका असं सांगितलं. लस ज्या जागी टोचतात तिथे मोठी रक्तवाहिनी नसते, आणि सुई आत जास्त वेळ राहिल्याने मूल जास्त रडतं. (हे लसींपुरतं. स्नायूत द्यायच्या इतर औषधांसाठी त्या त्या औषधाची सूचना आणि संस्थेचा नियम पाहा.)

प्रत्येक कोर्सच्या शेवटी शिकवणाऱ्याला एक प्रश्न विचारा: "आम्ही आजपासून काय करणं थांबवायचं?" उत्तर अडखळत आलं, तर कोर्सबद्दल तुम्हाला बरंच काही कळलं.

कार्ड आहे, म्हणजे सीपीआर येतो

सीपीआर म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबणं: मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसाची छाती किमान ५ सेंमी दबायला हवी पण ६ च्या पुढे नको, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. हे तोंडी सगळ्यांना येतं. पण बीएलएसचं (जीव वाचवण्याच्या प्राथमिक प्रशिक्षणाचं) कार्ड साधारण दोन वर्षं चालतं आणि हातातलं कौशल्य त्याच्या कितीतरी आधी, काही महिन्यांतच, ओसरायला लागतं. दाब उथळ पडतात, वेग एकतर मंदावतो नाहीतर घाईत १४० वर जातो, आणि दमल्यावर आपण छातीवर रेलून राहतो हे स्वत:ला कळत नाही.

दोन वर्षांतून एकदा पूर्ण दिवस घालवण्यापेक्षा दर दोन-तीन महिन्यांनी मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) दोन मिनिटं जास्त टिकतात. मॅनिकिन स्किल लॅबच्या कपाटात कुलूपबंद असेल, तर इन-चार्जकडे ते महिन्यातून एक दिवस वॉर्डात ठेवायची मागणी करा. क्वचित लागणारं पण लागलं की चुकून न चालणारं प्रत्येक काम या गटातलं: डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र), बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव, ॲनाफिलॅक्सिस (ॲलर्जीची जीवघेणी प्रतिक्रिया). रोजच्या कामांचा सराव रोज होतो. यांचा मुद्दाम करावा लागतो.

वर्कशॉपचं ज्ञान बॅगेतच राहणं

वॉर्डातून एकीला पाठवतात. ती दोन दिवसांनी परत येते, सर्टिफिकेट फाइलला लागतं आणि विषय संपतो. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या: आवडलं का, समजलं का, कामातली वागणूक बदलली का, आणि त्याचा परिणाम दिसला का. बहुतेक कोर्सचा फीडबॅक फॉर्म पहिल्या पायरीवर थांबतो, चाचणी दुसऱ्या. रुग्णाला मतलब असतो तिसऱ्या आणि चौथ्याशी.

परतलेल्या सिस्टरने किंवा ब्रदरने आठवड्याभरात हँडओव्हरनंतर दहा मिनिटं बोलावं, ही किमान अट ठेवा. पूर्ण पीपीटी नको. एक गोष्ट, शक्यतो हाताने करून दाखवलेली, आणि लगेच दोघी-तिघींकडून रिटर्न डेमो, म्हणजे तेच त्यांनी करून दाखवायचं.

इथे नेहमीची अडचण येते: "आपल्याकडे असं करत नाहीत." बोलणारी बहुधा ज्येष्ठ असते, आणि तिचं म्हणणं नेहमीच चुकीचं असतं असं नाही. संस्थेचा लेखी प्रोटोकॉल एक सांगत असताना एकटीने परस्पर पद्धत बदलणं हा शहाणपणा नव्हे. उद्या काही झालं तर तुमच्या बाजूने कागद नसतो. मार्ग लांबचा पण पक्का आहे. मार्गदर्शक सूचनेची प्रत घ्या, इन-चार्जशी एकांतात बोला (राउंडमध्ये सगळ्यांसमोर नको), गरज पडली तर इन्फेक्शन कंट्रोल नर्स किंवा त्या विभागाच्या डॉक्टरांना सोबत घ्या आणि प्रोटोकॉल बदलायची विनंती लेखी द्या. बदल एकच मागा. पाच मागितले की एकही होत नाही. आणि महिनाभर मोजा: आधी किती बेडसोर होते, नंतर किती, आधी किती कॅन्युलांची (शिरेत लावलेल्या नळ्यांची) जागा सुजली, नंतर किती. आकडा समोर ठेवला की 'कालची आलेली मुलगी शिकवते' हा सूर बऱ्यापैकी खाली येतो.

चिंतन-टिपण म्हणजे कार्यक्रमाचा अहवाल

काही देशांत तासांबरोबर लेखनही मागतात. ब्रिटनमध्ये २०१६ पासून नर्सना दर तीन वर्षांनी ३५ तासांचं शिक्षण दाखवावं लागतं, त्यातले किमान २० तास इतरांसोबत शिकलेले. शिवाय पाच चिंतन-टिपणं (आपल्या कामातल्या अनुभवावर विचार करून लिहिलेली), आणि त्यांवर दुसऱ्या नोंदणीकृत व्यक्तीशी चर्चा. तुमच्याकडे सक्ती नसली तरी ही सवय उचलण्यासारखी आहे, मात्र लिहिताना गाडी नेहमी एकाच ठिकाणी घसरते. "कार्यशाळा अत्यंत माहितीपूर्ण होती. तज्ज्ञांनी मोलाचं मार्गदर्शन केलं." हा वृत्तांत झाला.

टिपणात तुम्ही दिसायला हव्यात. उदाहरणार्थ: "रुग्णाच्या श्वासाचा वेग दोन तासांत १८ वरून २६ झाला होता. मी चार्टवर लिहिला, पण कळवला नाही, कारण ऑक्सिजन ९५ टक्के होता. श्वासाचा वेग प्रकृती बिघडण्याची लवकर दिसणारी खूण आहे, हे आज कळलं. आता पूर्ण मिनिट मोजते, आणि वाढ दिसली की त्याच वेळी कळवते." चार-पाच वाक्यं, पण त्यात काय घडलं, तेव्हा काय वाटलं, काय चुकलं आणि आता काय वेगळं, हे सगळं आलं. एआयकडून लिहून घेतलेलं गुळगुळीत टिपण पहिल्याच उलटप्रश्नाला उघडं पडतं.

आणि एक सावधगिरी. नुसतं नाव गाळलं म्हणजे ओळख लपली असं होत नाही. वय, दुर्मिळ आजार, तारीख आणि वॉर्ड एकत्र आले की रुग्ण ओळखू येतो. जखमेचा फोटो आपल्या फोनवर ठेवणं तर नकोच, अभ्यासासाठी असला तरी.

किरकोळ वाटणाऱ्या, पण महागात पडणाऱ्या

नाईट उतरून तसंच सकाळच्या सेशनला बसणं: हजेरी लागते, बाकी काही नाही. जमत असेल तर वॉर्डाच्या रोस्टरमध्येच शिक्षणाचा दिवस मागून घ्या.

फी भरल्यावर मान्यता तपासणं: उलट करा. आपल्या कौन्सिलच्या यादीत संस्था आहे का, तास किती धरले जातील, हे आधी बघा. सर्टिफिकेटवर नाव नोंदणीत आहे तसंच हवं (लग्नानंतर बदललेल्या आडनावाने बऱ्याच फाइली अडतात), तारीख, तास आणि मान्यता क्रमांक हवा. आल्या दिवशी स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा.

"आपला मौलिक शोधनिबंध आमच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात" असा स्तुतीने भरलेला ईमेल आला, चार दिवसांत छापून देण्याचं वचन आणि पाठोपाठ फीचा आकडा, तर तो डिलीट करा. खऱ्या नियतकालिकाला तज्ज्ञांकडून लेख तपासून घ्यायला सहसा आठवडे, महिने लागतात.

मुदत महिन्यावर आली आणि तास कमी भरले, तर?

आधी घाबरून नवे वेबिनार शोधू नका. गेल्या काही वर्षांत रुग्णालयातच झालेली प्रशिक्षणं आठवा: आगीचा सराव, नवीन इन्फ्यूजन पंपाचं प्रात्यक्षिक, हात धुण्याचं सत्र, जैविक कचऱ्याचं प्रशिक्षण. यातलं काय धरलं जातं हे कौन्सिलच्या नियमात पाहा आणि प्रशिक्षण विभागाकडून हजेरीचा सही-शिक्क्याचा दाखला घ्या. विद्यार्थिनींना शिकवल्याचे किंवा सत्र घेतल्याचेही तास काही ठिकाणी धरतात.

तरीही कमी पडले, तर मुदत संपायच्या आत कौन्सिलला लेखी कळवा आणि कारण सांगा: प्रसूतीची रजा, लांबलेलं आजारपण, जे असेल ते. काय सवलत मिळते ते तिथेच कळेल. मागची तारीख टाकून सर्टिफिकेट देणारे आसपास भेटतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. तास कमी असले तर रिन्यूअल लांबतं. खोटा कागद सापडला तर चौकशी व्यावसायिक गैरवर्तनाची होते आणि नोंदणीच धोक्यात येते.