आफ्रिकेतून येताना मलेरिया सोबत आणू नका

हिंजवडी-चाकणहून प्रोजेक्टसाठी टांझानिया, नायजेरिया, काँगोला जाणारे बरेच असतात आणि तयारी म्हटलं की फक्त यलो फीवरची लस आठवते, कारण ते कार्ड एअरपोर्टवर बघतात. मलेरियाचं कोणी काही विचारत नाही, मग ते राहूनच जातं.

निघायच्या महिनाभर आधी डॉक्टर गाठा. मलेरिया होऊ नये म्हणून त्यांनी मेफ्लोक्वीनची गोळी दिली तर दोन-तीन आठवडे आधीपासून आठवड्याला एक, डॉक्सीसायक्लिन असेल तर एक-दोन दिवस आधीपासून रोज. मेडिकलमधून मनानं घेऊ नका, सगळ्यांना सगळ्या चालत नाहीत. आणि सीरम इन्स्टिट्यूटची मलेरियावरची आर-२१ लस आपल्या पुण्यातलीच असली तरी ती तिकडच्या लहान मुलांसाठी आहे, ती मागत बसू नका. तिकडे मलेरियाचा डास अंधार पडल्यापासून पहाटेपर्यंत चावतो, सो मच्छरदाणी, फुल बाह्या, ओडोमॉस.

खरा घोळ परत आल्यावर होतो. घरी पोचलो, संपलं, म्हणून लोक गोळ्या बंद करतात. अहो, या दोन्ही गोळ्या आल्यावरही ४ आठवडे घ्यायच्या असतात, जंतू आधी लिव्हरमध्ये वाढतो आणि मग रक्तात उतरतो. त्यात पावसाळ्यात ताप आला की आपल्याकडे आधी डेंग्यूच, प्लेटलेट मोजा, पपईच्या पानांचा रस पाजा, आणि यात दोन दिवस जातात, फाल्सिपॅरम (मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार) असेल तर तेवढ्यात माणूस आयसीयूत. त्यामुळे परतल्यावर वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता कुठून आलात ते सांगा, मलेरियासाठी स्मिअर (रक्ताचा थेंब मायक्रोस्कोपखाली बघतात ती टेस्ट) आणि रॅपिड टेस्ट दोन्ही करा, निगेटिव्ह आली तरी १२ ते २४ तासांनी परत करा. व्हायवॅक्स (मलेरियाचा दुसरा प्रकार, लिव्हरमध्ये लपून राहणारा) निघाला तर जी-सिक्स-पीडी टेस्ट (पुढचं औषध झेपेल का ते बघणारी रक्ततपासणी) करून प्रायमाक्विन या औषधाचा १४ दिवसांचा कोर्स असतो, चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडला तर काही महिन्यांनी तोच ताप परत.

आता सोसायटीचं. बाहेरून आलेला जंतू इथे पसरवायला डास लागतोच आणि ॲनाफिलीस स्टिफेन्सी हा मलेरिया पसरवणारा डास आपल्याकडे आहेच, त्याला गटार नको, गच्चीवरच्या टाकीतलं स्वच्छ पाणी आवडतं. हाच आशियातला डास २०१२ मध्ये जिबूतीत सापडला, पुढे इथिओपिया, सुदानपर्यंत गेला, म्हणजे निर्यात दोन्हीकडून चालू आहे. टाकीचं झाकण घट्ट, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी, बाकी साठवलेलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून भांडी कोरडी. टॉर्च मारून बघा, अळी पाण्याच्या पृष्ठभागाला लागून आडवी पडलेली असेल तर ॲनाफिलीस, डोकं खाली करून तिरकी लटकत असेल तर दुसरा डास. कारंज्यात किंवा बांधकामाच्या हौदात गप्पी मासे सोडा.