सुई टोचली? आधी नळाखाली हात
जोतिबाची यात्रा, कोल्हापुरातल्या कॅज्युअल्टीत पाय ठेवायला जागा नाही आणि वापरलेली सुई ग्लोव्हमधून बोटात जाते. बोट तोंडात घालू नका, दाबून रक्त काढू नका, स्पिरिटही नको. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. लगेच इन्चार्ज सिस्टरना सांगा. "ड्यूटी संपल्यावर बघू" हे आपलं नेहमीचंच, पण एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या शक्यतो २ तासांत सुरू व्हायला हव्यात, फार तर ७२ तासांत. कोर्स २८ दिवसांचा. पेशंटचं आणि आपलं रक्त तपासायला पाठवा. हिपॅटायटीस बीच्या लसीचे ३ डोस पूर्ण आहेत ना? आणि ती टोपण परत बसवायची सवय सोडा बाई! सुई थेट पांढऱ्या डब्यात. डबा पाऊण भरला की नवा मागा.